बेटावर काय न्याल?

जून 2000 मध्ये राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हाचे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे आपल्या पिंपरी-चिंचवडचेच. चिंचवडच्या प्रेक्षागृहाला त्यांचंच नाव आहे. त्या पहिलीतली पोरं आता तिशीत आहेत. त्यांतली काही भोसरी-चाकणच्या कारखान्यांत शिफ्ट करतात आणि गुरुवारच्या सुट्टीला फी भरून पुन्हा इंग्रजीच्याच क्लासला बसतात.

क्लासमध्ये हल्ली शिकवत नाहीत, ‘ॲक्टिव्हिटी’ घेतात. निर्जन बेटावर अडकलात तर कोणत्या पाच वस्तू न्याल? आठ तास सीएनसी मशीनवर उभा राहिलेला गडी गप्प होतो. तळवडे चौकात अडकलात तर काय कराल, असं विचारलं असतं तर तो थांबलाच नसता! मग फुगे फुगवायचे, टाळ्या वाजवायच्या, शेवटी ग्रुप फोटो. फोटोत सगळे खुशीत, कारण तिथे बोलावं लागत नाही.

खरं तर कसोटी सोपी आहे. शुक्रवारी कंपनीच्या गेटच्या आत उपयोगी पडेल तीच ॲक्टिव्हिटी. मशीन का बंद पडलं ते एकाने सांगावं, दुसऱ्याने ऐकून लिहावं. पुढच्या शिफ्टला चार ओळींत काम समजावून द्यावं. कोरियन साहेब भरभर बोलले तर ‘सावकाश सांगा’ म्हणायची हिंमत करावी. एकाकडे माहिती आणि दुसऱ्याला तिची गरज, एवढ्यावर भाषा चालते.

तेव्हा फी भरण्याआधी सरांना एवढंच विचारा: तासभरात मी किती बोलणार आणि तुम्ही किती?