बिनसाखरी कॅरमल करण्याची शास्त्रशुद्ध रीत

प्रथम घरातला साखरेचा डबा नजरेआड करावा. फार आत ढकलू नये, कारण सकाळच्या चहाला तो लागणारच आहे. ओट्यावरून उचलून कणकेच्या डब्यामागे ठेवला तरी संकल्प पुरेसा पक्का होतो. साखर सोडल्याची घोषणा मात्र आधी करू नये. मराठी घरात अशी घोषणा झाली, की त्याच संध्याकाळी कुणाचा तरी मुलगा पास होतो आणि पेढे घेऊन दारात उभा राहतो.

प्रस्तुत मार्गदर्शन कॅरमल सॉस साखरेविना, केवळ खजुरापासून, घरच्या घरी सिद्ध करू इच्छिणाऱ्या गृहस्थाश्रमींसाठी आहे. खऱ्या कॅरमलची रीत अशी: साखर पातेल्यात कोरडीच तापवायची. १६० अंश सेल्सिअसच्या पुढेमागे ती वितळून तांबूस होऊ लागते. तेवढ्यात दारावरची बेल वाजली, की काळी होते. या दोहोंच्या मधल्या नेमक्या क्षणी लोणी आणि क्रीम ओतायचे, म्हणजे पातेल्यातून फसफसून वाफ उठते आणि करणाऱ्याचा हात भाजतो. आपल्या रीतीत तापमान उकळत्या पाण्याच्या वर जातच नाही. म्हणजे ज्या क्रियेमुळे कॅरमल हे कॅरमल होते, ती क्रिया आपण मुळी करतच नाही. तपकिरी रंग आणि तो खमंग गोडवा खजुराने पिकता-वाळताना स्वतःच कमावलेला असतो. आपण फक्त श्रेय घ्यायचे. हे पाहुण्यांना सांगण्याचे काही कारण नाही.

आता खजूर. या विधीतला सर्वांत खर्चिक आणि म्हणून सर्वांत जास्त चर्चेचा भाग हाच. समाजमाध्यमांवरचे झाडून सारे आचार्य मेजूल घ्यायला सांगतात. मेजूल मूळचा मोरोक्कोचा. तिथल्या बागांवर बायूद नावाच्या बुरशीजन्य रोगाने धाड घातली असताना वॉल्टर स्विंगल या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये ११ फुटवे अमेरिकेला नेले. तिथे ते नेवाडातल्या एका निर्जन जागी विलगीकरणात ठेवले. त्यातले ९ जगले, आणि अमेरिकेतला मेजूल बहुतांशी त्यांच्याच वंशातला. इतकी संकटे सोसून आलेल्या घराण्याला मिक्सरमध्ये लोटताना कुणाचाही हात थरथरावा. किलोचा भाव वाचला की तो थरथरतोच.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे अधिकृत मत किमियाच्या बाजूने आहे. इराणमधल्या बम शहराच्या आसपास होणारा मझाफती खजूर आपल्याकडे किमिया या नावाच्या खोक्यातून येतो. काळा, ओलसर, पातळ सालीचा आणि इतका मऊ, की खोके घरी आणेपर्यंत निम्मे काम त्याने स्वतःच उरकलेले असते. रमजानच्या महिन्यात मुंबईत मोहम्मद अली रोडला किंवा क्रॉफर्ड मार्केटला चक्कर मारावी. अजवा, कलमी, मेजूल, किमिया असे ढीग शेजारी शेजारी लागलेले असतात आणि विक्रेता चव बघायला देतो. प्रत्येक ढिगातला एक याप्रमाणे चव बघत गेल्यास सॉसची इच्छा बाजारातच शमण्याचा धोका आहे. अजवा मदिनेचा. त्याला धार्मिक मान आहे आणि त्याची किंमतही त्या मानाला साजेशी. तो जसाच्या तसा खावा, त्याचा सॉस करणे शोभत नाही. वाण्याकडे प्लास्टिकमध्ये दाबून वडी केलेला जो खजूर मिळतो, तोही चालतो, मात्र त्याला जास्त वेळ भिजवावे लागते आणि स्वतःलाही जास्त वेळ समजवावे लागते.

खारकेला हात लावू नये. ती डिंकाच्या लाडवांची आणि ओटीची मानकरी आहे. मिक्सरचे पाते तिच्यापुढे टिकेलच याची हमी नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी हातगाड्यांवर लाल-पिवळ्या घोसांनी येणारी कच्छची ताजी खारीक दिसायला मोहक असते, २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ती करकरीत आणि किंचित तुरट. तिचे कॅरमल करू जाणाऱ्याच्या हाती पिवळी कोशिंबीर लागेल.

साहित्य मोजून घ्यावे. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचे माप घराघरांत रूढ केले, त्याला स्मरून: बिया काढलेला मऊ खजूर २०० ग्रॅम, भिजवायला कढत पाणी अर्धी वाटी, नारळाचे दाट दूध अर्धी वाटी, चिमूटभर मीठ, चमचाभर साजूक तूप. व्हॅनिलाचे चार थेंब ऐच्छिक आहेत. ते घातल्याने चव थोडी आणि आत्मविश्वास पुष्कळ वाढतो.

प्रत्येक खजूर उभा चिरून आत डोकावून पाहावे. ही पायरी गाळणारे लोक शूर असतात. बी काढायची, देठाकडची टोपी काढायची आणि आत कुणी वस्तीला आहे का ते बघायचे. नैसर्गिक या सदरात अळीही मोडते. मग खजूर कढत पाण्यात अर्धा तास भिजू द्यावा. साल जाड असेल तर कणभर खाण्याचा सोडा घालावा, साल लवकर नरम पडते. कणभर म्हणजे कणभरच, नाहीतर साबणाची चव येते. भिजवलेले पाणी अजिबात ओतून देऊ नये. बरीचशी गोडी त्यात उतरलेली असते, ती वाटताना वापरायची आहे. इथे काही जण पाणी मोरीत ओततात आणि मग गोड कमी झाले म्हणून मध घालतात. मधानंतर गूळ येतो. गुळानंतर कणकेच्या डब्यामागचा तो डबा.

यानंतर मिक्सर, आणि मिक्सरबरोबर या विधीतले मुख्य विघ्न.

एवढ्या थोड्या ऐवजाला मोठे भांडे उपयोगी पडत नाही. पाते वरच्या वर फिरते आणि खजूर काचेला, झाकणाला, म्हणजे पात्याखेरीज सगळीकडे चिकटून बसतो. लहान भांडेच घ्यावे लागते. लहान भांडे म्हणजे चटणीचे भांडे. त्यात काल लसणीची चटणी झालेली असते. परवाही झालेली असते. झाकणाच्या आतल्या रबराने आजवरच्या सगळ्या लसणी मनाशी जपून ठेवलेल्या असतात. भांडे नुसते धुऊन भागत नाही. रबर काढून गरम पाणी, लिंबाची साल आणि खाण्याचा सोडा यांनी घासावे, उन्हात ठेवावे, मग मूठभर कोरडे तांदूळ फिरवून घ्यावेत. एवढे करून नाकाला लावल्यावर वास आला नाही, तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वास घ्यायला सांगावे. ज्याने संकल्प सोडला आहे, त्याचे नाक ग्राह्य धरता येत नाही.

भिजवण खूप गरम असताना झाकण लावून बटण दाबू नये, वाफेने झाकण उडते आणि सॉस छताला आधी मिळतो. कोमट झाल्यावर खजूर, त्याचे पाणी आणि मीठ घालून थांबत थांबत फिरवावे, कडा खाली ओढाव्यात, पुन्हा फिरवावे. नारळाचे दूध शेवटी.

नेमक्या याच वेळी घरातले ज्येष्ठ स्वयंपाकघरात येतात. सासूबाई भांड्यात बघतात, एक बोट लावून चाखतात आणि विचारतात, “चिंच कधी घालणार आहेस?”

हा प्रश्न अपमान समजू नये. चिंच-खजुराच्या चटणीत आणि आपल्या कॅरमलमध्ये चिंच, जिरे आणि तिखट एवढाच फरक आहे. रंग तोच, घट्टपणा तोच, भांडेही तेच. शांतपणे सांगावे, “आई, हे कॅरमल आहे.” त्या “बरं” म्हणतील. त्या ‘बरं’वर प्रस्तुत मार्गदर्शनात काहीही उपाय नाही.

मिक्सरच नसेल तरी निराश होऊ नये. बहरीनच्या जुन्या किल्ल्याच्या परिसरात उत्खननात मदबसा सापडल्या आहेत. मदबसा म्हणजे समांतर पन्हळी पाडलेल्या जमिनीची खोली. तिथे खजुराची पोती एकावर एक रचायचे, वरच्या पोत्यांच्या भाराने खालच्या खजुरातून रस पाझरायचा आणि पन्हळींतून वाहत जाऊन रांजणात जमायचा. वीज नाही, पाते नाही, लसूण नाही. इराकमध्ये अशा रसाला दिब्स म्हणतात आणि न्याहारीला तिळाच्या वाटणात कालवून पोळीबरोबर खातात. या मंडळींनी पिढ्यानपिढ्या तो खाल्ला, पण त्याला दुसऱ्या कशाची तरी जागा भरून काढायला उभे केले नाही. आपल्याकडे फ्लॅटमध्ये पोती रचायला सोसायटी परवानगी देत नाही, म्हणून मिक्सर.

वाटण गुळगुळीत दिसले तरी जिभेला सालीचे पापुद्रे लागतात. परदेशी आचार्य इथे महागड्या अतिवेगवान यंत्राची किंमत सांगतात, तीही डॉलरमध्ये. आपण माळ्यावरचे पुरणयंत्र काढावे. होळीनंतर ते तसेच पडून असते. बारीक जाळी लावून सॉस त्यातून फिरवला की साली वर राहतात आणि खाली जे उतरते, ते पाहून खुद्द करणाऱ्यालाही क्षणभर खरे वाटते.

चवीत मात्र अजून खजूरच बोलतो आहे. भाजक्या, लोणकढ्या खमंगपणाची उणीव आहे. ती भरून काढण्याचा उपाय कोणत्याही चित्रफितीत सांगितलेला आढळत नाही, आणि तो आपल्या कढईच्या तळाशी असतो. लोणी कढवून तूप गाळले की खाली जी तपकिरी बेरी उरते, ती चमचाभर या सॉसमध्ये घोटावी. लोण्यातले दुधाचे कण तापून खरपूस होतात, आणि लोणी-क्रीम घातलेल्या कॅरमललाही बराचसा स्वाद अशाच दूध-साखरेच्या भाजण्यातून येतो. बेरी घातली की सॉसची योग्यता एकदम वाढते. अडचण एवढीच, की बेरीवर मुलांचा साखर घालून खाण्याचा परंपरागत हक्क असतो. ती वेळेवर लपवावी लागेल. कणकेच्या डब्यामागे जागा आहेच.

आता हिशेब, कारण हे सगळे आरोग्यासाठी चालले आहे. १०० ग्रॅम मेजूलमध्ये साधारण ६६ ग्रॅम साखर असते आणि जवळजवळ ७ ग्रॅम तंतू. म्हणजे आपल्या २०० ग्रॅम खजुरात १३० ग्रॅमच्या आसपास साखर आली. त्यात पाणी आणि नारळाचे दूध मिळून सॉस भरतो ४०० ग्रॅम. २० ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यात साडेसहा ग्रॅम साखर, चहाच्या सव्वा-दीड चमच्याएवढी. खऱ्या कॅरमल सॉसच्या मानाने ही बरीच कमी, शिवाय थोडे तंतू आणि पोटॅशियम पदरात पडते. हा फायदा खरा आहे. तो टिकवायची अट एकच, की चमचाही एकच घ्यायचा. अनुभव असा, की निम्मी साखर आहे हे कळल्याबरोबर माणूस दुप्पट वाढून घेतो आणि खाली आइस्क्रीम घेतो.

ब्रिटनमधल्या अधिकृत व्याख्येने तर आणखी मौज केली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मोकळ्या साखरेचे प्रमाण रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा असे सांगितले. कोणती साखर मोकळी मानायची, हे ठरवताना ब्रिटनने अख्ख्या सुक्या फळातली साखर सोडून दिली, पण फळाचा लगदा किंवा पेस्ट केली, की आतली साखर मोकळी धरली. खोक्यात बसलेला खजूर निर्दोष, आणि तोच चटणीच्या भांड्यातून फिरून आला की आरोपी. घरातल्या मधुमेही काकांना हे समजावून सांगू नये, ते “मग मी अख्खेच खातो” म्हणून खोके जवळ ओढतील. रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्राला नैसर्गिक-अनैसर्गिक कळत नाही, एवढेच सांगून खोके उचलून ठेवावे.

वाढताना सॉस उंचावरून, बारीक धारेने सोडावा. धार पडत नसेल तर चमचाभर गरम पाणी घालावे. सफरचंदाच्या फोडी, घावन, दही, सकाळचा ओट्सचा गोळा, कशावरही चालतो. पुरणपोळीवर घालू नये, दोघांचाही अवमान होतो. न्यू जर्सीच्या भाचीला, जिने ही कृती मूळ पाठवली, फोटो पाठवायचा असेल तर काचेच्या बरणीत भरून खिडकीजवळच्या उजेडात काढावा आणि मागची भांड्यांची मांडणी दिसणार नाही असे बघावे.

नारळाचे दूध असल्याने फ्रिजमध्ये चार-पाच दिवस. नुसत्या पाण्यात केलेला थोडा अधिक टिकतो. फ्रिजमध्ये तो घट्ट होतो, तेव्हा वाटी गरम पाण्यात ठेवून सैल करावा. तिसऱ्या दिवशी बरणीतली पातळी आपोआप उतरलेली दिसेल आणि ओट्यावर चिंचेचा कोळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड व कुरमुऱ्यांची पिशवी आढळेल. चौकशी करू नये. सासूबाईंनी कांदा चिरायला घेतला असेल तर कोथिंबीर आपण निवडून द्यावी. फोटो त्याआधी काढून झालेला असावा.