अनुभवाची अट

बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्कला अमेरिकेच्या २०२४च्या पॅरिस ऑलिंपिक संघात घेतलं नाही, हे उत्तमच झालं. आयोवा विद्यापीठाकडून ३,९५१ गुण, म्हणजे एनसीएए या अमेरिकी कॉलेज-स्पर्धांच्या अव्वल श्रेणीत मुलं-मुली धरून विक्रम. पण शेवटी कॉलेजातलेच, गृहपाठासारखे. शिवाय एप्रिलच्या राष्ट्रीय शिबिराला दांडी! शिबिर क्लीव्हलँडला, बाईसाहेबही क्लीव्हलँडलाच, पण कॉलेज स्पर्धेची उपांत्य फेरी खेळत. खेळापायी सराव बुडवणाऱ्यांना शिस्त लागायची कधी?

त्यापेक्षा संघात घेतलेल्या ४२ वर्षांच्या डायना टोरासींना बघा. सहावं ऑलिंपिक, आणि अंतिम सामनाभर बाकावर काय ती बैठक! नवख्या पोरीला जमली असती?

अमेरिका ६७-६६ने जिंकली. फ्रान्सच्या शेवटच्या फेकीला खेळाडूचा पाय तीन गुणांच्या रेषेला लागला, म्हणून दोनच मिळाले. निवड समितीचा हिशेब बुटाच्या टोकापर्यंत बरोबर निघाला.