शुगर आहे का?

दारू सोडणाऱ्याकडे आपला समाज कौतुकाने बघतो. सिगारेट सोडणाऱ्याची बायको चार घरी सांगत सुटते. साखर सोडणाऱ्याला मात्र जो तो एकच प्रश्न विचारतो, "शुगर आहे का?" नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा बदलतो. आजार नाही आणि तरी पेढा नको, म्हणजे माणूस एकतर शिष्ट असणार, नाहीतर पुढेमागे स्वतःला पेढे वाटावे लागू नयेत म्हणून आतापासून बेत करणारा कंजूष.

मला शुगर नाही. मला साखर लागते, एवढंच. चहात लागते, चहाबरोबर लागते, जेवण संपल्याचं पोटाला कळावं म्हणून लागते आणि रात्री श्रीखंडाचा डबा नुसता बघायला म्हणून फ्रिज उघडला तरी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवली तर उत्तम. माझे सहा चमचे आंघोळीआधीच संपायचे.

भाचीने अमेरिकेहून बारा पायऱ्यांचा कार्यक्रम पाठवला. मूळचा तो दारू सोडणाऱ्यांचा. १९३५ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पट्टीचे पिणारे, एकमेकांच्या आधाराने सुटले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झालं. १९६०मध्ये लॉस एंजेलिसला, खाण्यावर ताबा नसलेल्यांनी त्याच पायऱ्या उचलल्या. आपण दारूच्या जागी साखर लिहायची आणि चढायला लागायचं.

पहिली पायरी : साखरेपुढे आपण हतबल आहोत हे कबूल करा. तात्काळ केलं. ज्या राज्यात साखरेला स्वतंत्र आयुक्त आहे, विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५०च्या सुमारास प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा केल्यापासून जिथलं बरंचसं राजकारण उसाच्या फडातून उगवतं, तिथे माझ्यासारख्या पगारदाराने हतबल नसणं हाच उद्धटपणा.

पुढच्या दोन पायऱ्या : आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास ठेवा, स्वतःला तिच्या हाती सोपवा. देवघरापुढे उभा राहिलो. गणपतीच्या हातात आधीच मोदक होता. तेवढ्यात सोसायटीत सत्यनारायण आला. रवा, तूप, साखर, सगळं सव्वाच्या मापात. सहा चमच्यांचा हिशेब सव्वाला बसेना. "प्रसादाला नाही म्हणू नये," असं म्हणत द्रोण हातात आला. दारू सोडलेल्याला कुणी कधी म्हटलंय का, "अर्धाच पेग घ्या, प्रसाद आहे"?

चौथ्या पायरीवर निर्भयपणे स्वतःची झडती घ्यायची असते. मी स्वयंपाकघराची घेतली. सॉसमध्ये साखर, ब्रेडमध्ये साखर, तिखट म्हणून आणलेल्या बाकरवडीतही साखर. बिस्किटांच्या पुड्यावर बारीक अक्षरांत लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप अशी सगळी भावकी मांडी घालून बसलेली. मग मी आमटीकडे वळलो. बायको म्हणाली, "डबे होते तिथे ठेवा. आणि आमटीतल्या गुळाची चौकशी करायची नाही."

नववी पायरी : ज्यांना दुखावलं त्यांना भेटून माफी मागा. आत्याची पुरणपोळी नाकारली होती, म्हणून तिच्याकडे गेलो. "मनात काही ठेवू नकोस रे," असं म्हणून तिने पाठीवरून हात फिरवला आणि बासुंदीची वाटी पुढे केली. ती नाकारली असती तर पुन्हा माफी मागायला यावं लागलं असतं. नवव्या पायरीवरून माणूस वर जातच नाही, तिथेच गोल फिरत राहतो.

या बाराही पायऱ्यांचा पाया म्हणे कठोर प्रामाणिकपणा. पण एका लग्नाच्या पंगतीत यजमान जिलबीचं ताट घेऊन आग्रहाला आले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शुगर आहे."

ताट मागे सरलं. यजमानांचा हात खांद्यावर आला. "किती निघाली? उपाशीपोटी की जेवणानंतर?" शेजारच्याने मेथ्या सांगितल्या, समोरच्याने कारल्याचा रस, पलीकडच्या काकांनी जांभळाच्या बियांची पूड, तीही अनुभवासकट. त्या अमेरिकन लोकांना आधारगट मुद्दाम भरवावा लागतो. आपल्याकडे तो प्रत्येक पंगतीत तयार बसलेला असतो. फक्त प्रवेशाला आजार लागतो. धडधाकट माणसाला तिथे पान नाही.

त्या दिवसापासून माझी साखर खरोखरच कमी झाली. बातमी आत्यापर्यंत पोचायचीच होती. तिने डबाभर लाडू पाठवले. सोबत निरोप, "खास तुझ्यासाठी केलेत. साखरेचा कण नाही, सगळे गुळातले." गुळातही बहुतेक सुक्रोजच असतं, म्हणजे साखरच, हे मला ठाऊक आहे. पण आजारी माणसाने वडीलधाऱ्यांशी वाद घालू नये. प्रकृतीवर परिणाम होतो.