सहा क्विंटल सोयाबीनचं आकाश

पिक्सइनसाइट नावाचं एक सॉफ्टवेअर स्पेनमध्ये तयार होतं. आकाशाचे फोटो काढणारी मंडळी त्याचं नाव घेताना, गवयाने उस्तादांचं घ्यावं तसं, कानाच्या पाळीला हात लावतात. किंमत तीनशे युरोच्या घरात, वर कर. पाटोदा तालुक्यात युरो चालत नाही, म्हणून मी हिशेब सोयाबीनमध्ये केला. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. म्हणजे जवळपास सहा क्विंटल. तेही हमीभावाने विकलं गेलं तर! आडतीवरच्या भावाने हिशेब मांडला, तर आकाशातल्या मृगाचा फोटो सुधारायला पेरणीच्या मृगापर्यंत थांबावं लागेल.

पंचेचाळीस दिवस ते फुकट वापरून बघता येतं. पण त्यातले बहुतेक दिवस कुठलं बटण कशाचं हे कळण्यात जातात, आणि कळायला लागलं की नेमकं आभाळ येतं. फोटोशॉपचं वेगळंच. ते दर महिन्याला भाडं मागतं. वर्षातून एकदा, तेही पाऊस आणि कारखाना यांच्या मर्जीने पैसा बघणाऱ्या जिल्ह्यात दरमहा हप्ता म्हटलं की माणूस आधी शेजाऱ्याकडे बघतो.

मुळात सॉफ्टवेअर लागतंच कशाला, असा प्रश्न गावात सगळ्यांचा विचारून झाला आहे. कॅमेरा दाबला की फोटो निघतो, हा समज लग्नापुरता खरा आहे. पृथ्वी फिरते. तिपाईवर कॅमेरा ठेवून पन्नास मिलिमीटरच्या लेन्सने सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त वेळ उघडझाप लांबवली, की चांदण्यांच्या शेवया होतात. म्हणून छोटे छोटे भरपूर फोटो काढायचे आणि संगणकाकडून एकावर एक रचून घ्यायचे. शंभर रचले की फोटोतला खरखरीत दाणा प्रमाणात दहावा हिस्सा उरतो. दाणा विसावा हिस्सा करायचा, तर मात्र चारशे फोटो लागतात. निसर्गाचा हा व्यवहार सावकारी आहे, पण निदान लेखी आहे.

सल्ला घ्यायला मी बीडला एका फ्लेक्सवाल्याकडे गेलो. जिल्ह्यात फोटोवर खरी हुकमत कुणाची असेल तर ती याच लोकांची. वाढदिवस, निवड, नियुक्ती, श्रद्धांजली, सगळं एकाच संगणकावर, आणि त्या संगणकात फोटोशॉप कुठून आलं हे विचारायचं नसतं. पोराने माझा काळपट फोटो पाहिला आणि माझी कीव केली.

"सर, कामून एवढा ताण घेताव? आकाश मी टाकून देतो. निळं पाहिजे का जांभळं?"

"अरे, पण मला खरं पाहिजे."

"खरंच टाकतो की! नासाचं हाय माझ्याकडं."

शेवटी मी ज्याच्याशी संसार मांडला त्याचं नाव सिरिल. फ्रान्समधल्या मंडळींनी वाढवलेलं, पूर्ण फुकट, विंडोज असो वा लिनक्स, कुठेही चालणारं. त्याच्याकडून काम करून घ्यायचं असेल तर 'लाइट्स', 'डार्क्स', 'फ्लॅट्स' आणि 'बायसेस' असे चार फोल्डर त्याच्या पद्धतीने करून द्यावे लागतात. नाव एका अक्षराने चुकलं तरी ते कामाला हात लावत नाही. इतका काटेकोर कारकून मी एकाही कार्यालयात पाहिला नाही.

या फोल्डरांनी घरात माझी पत घालवली. 'डार्क्स' म्हणजे लेन्सला झाकण लावून काढलेले फोटो. कॅमेऱ्याचा स्वतःचा दोष तेवढा त्यात उतरतो आणि नंतर मूळ फोटोतून वजा करता येतो. ते त्याच थंडीत, तेवढाच वेळ उघडझाप ठेवून काढावे लागतात, म्हणून शेतातच उरकायचे. आमच्याकडे पंपाची लाइट बऱ्याचदा रात्रीची असते, त्यामुळे कांद्याला पाणी द्यायला आबा जागेच असतात. त्यांनी बॅटरीच्या उजेडात पाहिलं.

"आरं, झाकण तसंच ऱ्हायलंय की."

"मुद्दाम लावलंय आबा."

आबा काही बोलले नाहीत. फक्त सकाळी आईला सांगितलं, की पोराला कुणाला तरी दाखवून आणू.

'फ्लॅट्स'साठी लेन्सवर पांढरंशुभ्र कापड ताणून, सारखा उजेड पाडून फोटो घ्यायचे. लेन्सवरची धूळ आणि कडांचा अंधार त्यात सापडतो. कापड म्हणून आबांची टोपी उत्तम चालते. आबांना विचाराल तर चालत नाही.

सगळं रचून झालं की सिरिल जो फोटो देतं तो काळाकुट्ट दिसतो. लॅपटॉपचा पंखा तासन्‌तास घरघरल्यावर घरची मंडळी जमतात आणि त्यांना कोळसा दाखवावा लागतो. माहिती त्यातच असते, पण ती ताणून वर काढायची असते. मग ग्रॅक्सपर्ट नावाच्या आणखी एका फुकट्या साथीदाराने क्षितिजावरच्या उजेडाचा पिवळा डाग काढायचा. सिरिल आपल्या ताऱ्यांचे रंग युरोपच्या गाया यानाने मोजलेल्या ताऱ्यांशी ताडून रंग लावतं. आणि स्टारनेट, तेही फुकट, फोटोतल्या चांदण्याच पुसतं. मागच्या तेजोमेघावर निवांत काम करता यावं आणि नंतर चांदण्या परत ठेवता याव्यात, म्हणून. हे बायकोला सांगायला उसंत मिळाली नाही.

"रात्रभर थंडीत जागून चांदण्यांचे फोटो काढले, आन् आता त्याच पुसायलात?"

फुकट सॉफ्टवेअर फुकट पडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी लॅपटॉपला विचारावं. पुण्याच्या प्रथमेश जाजूने २०२१ च्या मे महिन्यात, सोळाव्या वर्षी, पन्नास हजारांहून जास्त प्रतिमा रचून चंद्राचा एक फोटो केला. १८६ जीबीचा तो पसारा सांभाळताना लॅपटॉप मरता मरता वाचला, असं त्यानेच सांगितलं. माझा लॅपटॉप मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला. तिचं म्हणणं, तिच्या विषयांत तो कधीच एवढा गरम झाला नव्हता.

तरी दसऱ्यानंतर मला राहवत नाही. ऊसतोडीच्या टोळ्या कोयते घेऊन कारखान्यांकडे जातात, वस्त्यांवरचे दिवे कमी होतात, आणि त्याच महिन्यांत मृग वर येतो. आमच्या उजेडाचा आणि त्यांच्या पोटाचा हंगाम एकच, ही काही मिरवायची गोष्ट नाही. मृगातलं तिकांडं बघून वेळ ओळखण्यात पहाटे उसाच्या फडात उतरणारा माणूस मला सहज हरवील.

मृगातल्या तेजोमेघाचा एक बरा फोटो मात्र निघाला. सुमारे १,३४० प्रकाशवर्षं दूर. म्हणजे तो उजेड निघाला तेव्हा इकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. छापायला मी त्याच फ्लेक्सवाल्याकडे दिला. पुढच्या आठवड्यात चौकात एक भलामोठा फ्लेक्स लागला. भावी जिल्हा परिषद सदस्य गॉगल लावून उभे, आणि डोक्यामागे माझा तेजोमेघ. चालुक्यांच्या काळी निघालेला उजेड शेवटी 'शुभेच्छुक'च्या यादीवर येऊन पडला होता. चांदण्या त्याने पुसल्या होत्या, "साहेबांच्या गालावर येत होत्या" म्हणून.

मी भांडायला गेलो, तर त्याने चहा मागवला.

"सर, कलर लई भारी निघाला. कोणतं सॉफ्टवेअर हाय?"

"सिरिल. फुकट आहे. कुणीही उतरवून घेऊ शकतं."

त्याने माऊस सोडला, आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ते कळलं सर. पण क्रॅक कुठून आणला?"