गॅरेजला टाकलेली गाडी

दुचाकी दुरुस्त करणाऱ्या गॅरेजांचे महाराष्ट्रात ढोबळ मानाने तीन प्रकार आढळतात. पहिला झाडाखालचा. एक लाकडी पेटी, हवेचा पंप, पंक्चर शोधायचे पाण्याचे घमेले आणि फांदीला टांगलेला जुना टायर एवढीच त्याची स्थावर-जंगम मालमत्ता. दुसरा प्रकार गल्लीतल्या शटरचा. दहा बाय बाराचा गाळा, भिंतीवर ऑइल कंपनीचे कॅलेंडर, दाराला लिंबू-मिरची आणि प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवलेला एक फळा. पाने मात्र फळ्यावर नसतात, ते शोधावे लागतात. गाळ्यात दोन गाड्या मावतात. उरलेल्या फुटपाथवर उभ्या राहतात आणि पादचारी रस्त्यावरून चालतात. तिसरा प्रकार कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा. तेथे टोकन, एसी आणि मशीनची कॉफी मिळते. पहिल्या ठिकाणी गाडी डोळ्यांदेखत दुरुस्त होते, दुसऱ्या ठिकाणी डोळ्यांआड, तिसऱ्या ठिकाणी काचेआड. ग्राहकाचा मनस्ताप तिन्हीकडे सारखाच असतो. फक्त तिसरीकडे त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो.

हा मनस्ताप पूर्वीही होता, पण तेव्हा तो बराचसा घरच्या घरी करून घेता येत असे. 1972मध्ये बजाजची चेतक बाजारात आली आणि पुढची कित्येक वर्षे ती मिळवण्यासाठी नंबर लावून थांबावे लागले. इतक्या वर्षांच्या प्रतीक्षेनंतर हाती आलेली वस्तू माणूस सहसा दुसऱ्याच्या हाती देत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळे, प्लगवर काजळी धरे, आणि गाडी भर चौकात बंद पडे. मग गृहस्थ शांतपणे डिकीतून प्लगपाना काढत, प्लग पॉलिश पेपरने घासत, फुंकर मारत, गाडी एका कुशीवर तिरकी करून पुन्हा सरळ करत आणि किक मारत. सुरू झाली तर विद्या आपली आणि नाही झाली तर कंपनीचा दोष, अशी जबाबदारीची स्पष्ट वाटणी होती. गॅरेजवाल्याशी बोलतानाही असा ग्राहक दबत नसे, कारण आपल्या गाडीच्या पोटात काय आहे हे त्याने रस्त्यावर बसून अनेकदा पाहिलेले असे.

1 एप्रिल 2020पासून भारत स्टेज 6 हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी इंधन फवारणारा इंजेक्टर, चार-सहा सेन्सर आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारी एक बंद डबी आली. हवा त्यामुळे स्वच्छ राहते. मात्र गाडीविषयीचे मालकाचे ज्ञान त्या दिवशी पेट्रोलच्या झाकणापाशी संपले. गल्लीतल्या मिस्त्रीचीही पंचाईत झाली, कारण डबीशी बोलायला लागणारा स्कॅनर त्याच्याकडे असेलच असे नाही. त्यावर त्याने एक तोडगा काढला. पूर्वी न समजलेल्या प्रत्येक बिघाडाला 'कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय' असे म्हणत. आता 'सेन्सर गेलाय' म्हणतात. दोन्ही निदाने ग्राहकाला तपासता येत नाहीत, हा त्यांचा समान गुण होय.

या न तपासता येण्याचा अभ्यास अर्थशास्त्रात झालेला आहे. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1973मध्ये एका निबंधात अशा सेवांचा विचार केला. वांगी घेताना ती किडकी आहेत की नाहीत हे आधी पाहता येते. हॉटेलातले भरीत कसे आहे हे खाल्ल्यावर कळते. दुरुस्तीचे मात्र पैसे देऊन, गाडी वापरूनही कळत नाही. 'क्लचप्लेटा बदलल्या' असे सांगून मिस्त्री चावी हातात देतो. गाडी खरोखरच छान पळते. पण ती नव्या क्लचप्लेटांमुळे पळते की नुसती क्लचची वायर ताणल्यामुळे, हे सांगणारा तिसरा माणूस तेथे नसतो. बिघाड कोणता, हे ठरवणारा आणि तो काढण्याचे पैसे घेणारा माणूस एकच असल्यावर ग्राहकाच्या वाट्याला विश्वास तेवढा उरतो. गॅरेजातील सर्व तंटे या एका मुळातून फुटतात.

त्यांतला पहिला तंटा आवाजाचा. ग्राहक सांगतो, 'खालून कट्कट् असा आवाज येतो.' मिस्त्री गाडी मुख्य स्टँडवर चढवतो, चालू करतो, मान तिरकी करून ऐकतो आणि विचारतो, 'कुठला?' गाडी त्या क्षणी असा सूर लावते की कंपनीतही लावला नसेल. ग्राहक स्वतःच्या तोंडाने आवाज काढून दाखवतो. पाना धरून बसलेला पोऱ्या हसतो. मिस्त्री एक्सिलरेटर पिळतो, चिंधीला हात पुसतो आणि शेवटचा शब्द टाकतो : 'तेवढा येणारच साहेब, गाडी जुनी झाली आता.'

या घटनेमागे शास्त्र आहे. इंजिन थंड असताना पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील फट किंचित जास्त असते, त्यामुळे पिस्टन हलका आपटतो. तापल्यावर धातू प्रसरण पावतो, फट कमी होते आणि आवाज थांबतो. गाडी गॅरेजपर्यंत चालवतच न्यावी लागत असल्याने ती तेथे तापूनच पोचते. दुसरे काही आवाज भार पडल्यावरच येतात : मागे माणूस बसल्यावर, चढावर, किंवा स्पीडब्रेकरवरून उतरताना. स्टँडवरच्या गाडीचे मागचे चाक हवेत फिरत असते. त्याला ना चढ ना माणूस. यावर उपाय म्हणून मिस्त्री 'ट्रायल मारून येतो' म्हणतो. ही ट्रायल चहाच्या टपरीवरून जाते, हा योगायोग सार्वत्रिक आहे.

दुसरा तंटा वेळेचा. गाडी सकाळी टाकली की 'संध्याकाळी या' असे सांगण्यात येते. संध्याकाळ म्हणजे सूर्यास्ताशी संबंधित काल, अशी समजूत ग्राहकाने करून घेऊ नये. सहा वाजता तो येतो तेव्हा गाडी सकाळी होती तशीच, पण सीट काढलेल्या अवस्थेत उभी असते. सीट काढणे हा शटरच्या गॅरेजातला महत्त्वाचा विधी आहे. काम सुरू झाल्याचा तो पुरावा असतो, आणि सीट नसलेली गाडी ग्राहकाला रागारागाने दुसरीकडे नेता येत नाही, हा त्याचा जोडलाभ. मग 'पार्ट यायचाय' हे उत्तर येते. पुण्यात ते 'पोरगा नाना पेठेत गेलाय' असे मिळते. नाना पेठ हा दुचाकीच्या सुट्या भागांचा मोठा बाजार असल्याने उत्तरात खोट काढता येत नाही. पोरगा परततो, पार्ट दुसऱ्याच मॉडेलचा निघतो, आणि पोरगा पुन्हा पेठेत जातो.

मिस्त्रीची बाजूही ऐकण्यासारखी आहे. हाताखाली एकच पोऱ्या, दिवसाला चार गाड्या होतील एवढेच बळ, आणि दारात नऊ उभ्या. एखाद्याला नाही म्हटले तर तो कायमचा तुटतो; 'टाकून जा' म्हटले की निदान उद्यापर्यंत आपला राहतो. शिवाय दसऱ्याच्या आधी प्रत्येकाला आपली गाडी धुऊन, ट्यून करून हवी असते, तीही त्याच दिवशी. झेंडूचा हार घालायला गाडी घरी लागते. खुद्द मिस्त्रीच्या पान्यांची पूजाही त्याच सणाला असते, तेव्हा त्या दिवशी ते कोणासाठीच उचलले जात नाहीत.

तिसरा तंटा बिलाचा. झाडाखाली बिल तोंडी असते. शटरखाली ते ऑइलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिले जाते आणि त्यात 'इतर' नावाचे एक कलम असते. अधिकृत केंद्रात बिल छापील आणि दोन पानी असते. 'इतर'चे तेथे 'कन्झ्युमेबल्स' होते. नव्या गाडीच्या पहिल्या काही सर्व्हिसिंग फुकट असतात, म्हणजे मजुरी फुकट असते. ऑइल, फिल्टर, ग्रीस आणि गाडी पुसायच्या चिंधीचे पैसे पडतात. साध्या 110 सीसी स्कूटरच्या इंजिनाला पाऊण लिटरच्या आसपास ऑइल पुरते. गल्लीत बिल पुष्कळदा लिटरच्या डब्याचे होते. उरलेल्या ऑइलचे काय झाले, हा प्रश्न ग्राहकाला घरी पोचल्यावर सुचतो.

पार्टच्या किमतीपूर्वी एक प्रश्न हमखास येतो : 'ओरिजिनल टाकू, का लोकल?' लोकल म्हटले तर पुढच्या प्रत्येक बिघाडाला ते कारण पुरते. ओरिजिनल म्हटले तर तो ओरिजिनल आहे हे ओळखायचे कसे, हा पेच उरतो. जाणकार मंडळी यासाठी काढलेला जुना पार्ट परत मागून घ्यावा असे सुचवतात. हा सल्ला उत्तम आहे. मिस्त्री वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक काळा, तेलकट ऐवज हातात ठेवतो. तो आपल्याच गाडीचा की सकाळपासून ट्रेमध्ये पडलेला, हे कळत नाही. पण मागितला एवढे समाधान मिळते. अशा ब्रेकशूंचा साठा अनेक घरांच्या माळ्यावर आहे.

अधिकृत केंद्राची काही खास वैशिष्ट्ये नोंदवणे आवश्यक आहे. तेथे ग्राहकाची गाठ मेकॅनिकशी पडतच नाही. पडते ती इस्त्रीच्या शर्टातल्या सल्लागाराशी. ग्राहकाने सांगितलेले गाऱ्हाणे तो जॉब कार्डावर इंग्रजीत उतरवतो. 'गाडी सकाळी थंड असताना दोन-तीनदा बंद पडते आणि चढावर पिकअप देत नाही' याचे कार्डावर 'जनरल चेकअप' असे होते. काचेपलीकडच्या मेकॅनिकला तेवढेच कळते आणि तो तेवढेच करतो. दुपारी फोन येतो : इंजिनाला कोटिंग, चेनला खास स्प्रे, बॉडीला पॉलिश, करून टाकू का? बंद पडण्याचे काय झाले, असे विचारल्यास 'ते चेक करायला सांगितलंय सर' असे उत्तर मिळते. गाडी ताब्यात देताना सल्लागार आवाज खाली आणून म्हणतो, 'कंपनीतून फोन येईल सर, तेवढे दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आम्हाला शून्यच धरतात.' त्या तरुणाकडे पाहून ग्राहक दहा देतो. अशा रीतीने असमाधानी ग्राहकांकडून पूर्ण गुण मिळवण्याचे काम ही व्यवस्था चोख करते.

गाडी स्त्रीची असेल तर मनस्तापात एक जादा कलम असते. प्रश्न ती विचारते आणि उत्तर तिच्यासोबत आलेल्या पुरुषाला मिळते, मग त्याला सायकलही येत नसो. कोणीच सोबत नसेल तर 'मिस्टरांना फोन लावून द्या ना मॅडम, त्यांना समजावतो' असे सुचवले जाते. काही मॅडम प्लगचे भाव तोंडपाठ सांगून हा संवाद तेथेच संपवतात. त्यांची गाडी बहुधा वेळेवर मिळते.

गाडी ताब्यात घेताना ग्राहकाने आरसे, हॉर्न, इंडिकेटर आणि पेट्रोलचा काटा पाहून घ्यावा. जो भाग दुरुस्तीला दिला नव्हता, त्यातच नवा बिघाड होण्याची शक्यता अधिक असते. मिस्त्रीच्या ताटलीत एखादा नट उरलेला दिसल्यास विचारणा करावी. 'तो एक्स्ट्राच होता' या उत्तराने मात्र खचून जाऊ नये.

कायद्याने या नात्याचा विचार फार पूर्वीच केला आहे. 1872च्या भारतीय करार कायद्यातील कलम 151प्रमाणे दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यायची असते. भिंतीवर 'गाडीतील सामानास मालक जबाबदार नाही' अशी पाटी रंगवली म्हणजे हे कर्तव्य आपोआप पुसले जात नाही. कलम 170 मात्र कारागिराच्या बाजूचे आहे : ठरलेले काम करून झाले असेल, तर मेहनतान्याचे पैसे मिळेपर्यंत तो वस्तू अडवून ठेवू शकतो. त्यामुळे बिलावरून वाद घालताना चावी आधी खिशात असणे श्रेयस्कर.

2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार निकृष्ट दुरुस्ती ही सेवेतील त्रुटी ठरू शकते, आणि बिल द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. 'प्रयत्न करतो' हे उत्तर ग्राहकाने तोवर गॅरेजात अनेकदा ऐकलेले असते. मोठ्या माशांनाही कायद्याने हात घातला आहे. सुटे भाग आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना न मिळू देता ग्राहकाला बांधून ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014मध्ये 14 मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या.

एवढी शस्त्रे हाताशी असूनही गॅरेजवाल्यांविरुद्ध तक्रार करणारे थोडे, याची कारणे व्यावहारिक आहेत. पुठ्ठ्यावरचे बिल पुरावा म्हणून सादर करायला संकोच वाटतो. मिस्त्री रात्री दहाला पंक्चर काढून देतो, महिनाअखेर उधार ठेवतो आणि पावसात अडकल्यावर फोनही उचलतो, तेव्हा त्याच्यावर नोटीस काढणे जिवावर येते. शेजारच्या गॅरेजात जावे, तर तेथला मिस्त्री आधी गाडीकडे, मग ग्राहकाकडे पाहून 'कोणी हात लावला होता हो हिला?' असे विचारतो आणि नव्याने खर्च सांगतो. आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. त्या अवधीत गाडी पहिल्याच गॅरेजला पाच-सहा वेळा जाऊन येते आणि दर वेळी नवे कारण घडत असल्याने ही मुदत सहसा संपत नाही.