अजून ओल आहे

अप्पांच्या घरी नवी वस्तू आली की आधी ती विश्रांती घेते. फ्रिज आला तेव्हा चार तास नुसता उभा होता, कारण प्रवासात कॉम्प्रेसरचं तेल हललेलं असतं. कुकरच्या पहिल्या शिट्ट्या निव्वळ पाण्यावर झाल्या. बिडाचा नवा तवा आठवडाभर तेल पीत बसला आणि तोवर घावनं त्याच जुन्या तव्यावर, ज्याला ती चिकटतात म्हणून नवा आणला होता. कोल्हापुरी चपला एरंडेल लावून पंधरा दिवस पलंगाखाली आणि अप्पा भाच्याच्या लग्नात अंगठा तुटलेल्या चपला घालून. १९९८ साली गाडी घेतली, ती पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर गेली नाही. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर मागून ट्रकवाले भोंगे वाजवायचे. अप्पा काच खाली करून, हात बाहेर काढून त्यांना शांतपणे पुढे जायला सांगायचे. "नवीन आहे!" असं ओरडून कारणही द्यायचे.

असा एक जण प्रत्येक वस्तीत असतो. आमच्या तळेगावच्या कॉलनीत तो मान अप्पांचा. त्यांनी परसात लाकडावरची भट्टी बांधली तेव्हा पुढे काय होणार याची कल्पना आम्हाला यायला हवी होती. पण नातवंडं बंगळूरहून सुट्टीला येणार, त्यांना आजोबा स्वतःच्या भट्टीत पिझ्झा करून घालणार, असं जाहीर झालं होतं. आम्हीही भोळेपणाने तारीख विचारून ठेवली.

मुळात भट्टीसाठी एक सल्ला अप्पांनी धुडकावला होता, तो म्हणजे सध्याच्या हवेचा. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर जायला सांगितलं. ती बातमी आली त्याच सुमारास अप्पा मात्र गोव्यात एका पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, मागच्या खोलीत वाकून त्याच्या भट्टीचा घुमट टेपने मोजत होते. पोदेराने पोई दिली, उंडे दिले, मापं दिली. "किती दिवस सुकवली होती?" या प्रश्नाला मात्र तो नुसता हसला. ती भट्टी त्याच्या आजोबांच्या वेळची. रोज पेटते, मुळी थंडच होत नाही. अप्पांना हे उत्तर शास्त्रशुद्ध वाटलं नाही.

बांधायला आला तो बेकऱ्यांच्या भट्ट्या बांधण्यात हयात गेलेला मिस्त्री. त्याचं म्हणणं, तळाखाली मीठ आणि फुटक्या काचा घाला, धग राहते. अप्पांचं म्हणणं, तळाखाली व्हर्मिक्युलाइट घाला, पुस्तकात आहे. शेवटी दोन्ही घातलं. घुमट २० इंच उंच, म्हणजे तोंडाची उंची त्याच्या ६३ टक्के, साडेबारा इंच. त्यापेक्षा मोठं केलं तर उष्णता बाहेर पळते, लहान केलं तर आग गुदमरते. मिस्त्रीने विटा हाताच्या वितीने मोजल्या. अप्पांनी मागून पट्टी लावली. साडेबाराच आली. त्या दिवसापासून दोघांचं जमलं ते, "साहेब, आठ दिवसांत पाव काढा," असं मिस्त्री जाता जाता म्हणेपर्यंत.

आठ दिवस! अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी काँक्रीट ओलं ठेवलं. निदान ७ दिवस पाणी, २८ दिवसांनी ताकदीची चाचणी, गोणपाट सुकलं की मुकादमाची हजेरी. आता उतारवयात उलटं व्रत अंगावर आलं, सुकवण्याचं. आणि ओलं ठेवण्यात जो माणूस इतका कडक, तो सुकवण्यात सैल कसा पडेल?

पहिला आठवडा भट्टीत आग नाहीच. शंभर वॉटचा पिवळा दिवा. एलईडीच्या जमान्यात तो मिळवायला अप्पा तीन बाजारपेठा फिरले. संध्याकाळी परसात गेलं की घुमटाच्या आत दिवा जळतोय आणि समोर खुर्ची टाकून अप्पा. काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "अहो, लावलाच आहे तर दोन अंडी ठेवू का आत? पिल्लं तरी निघतील."

येणाऱ्या-जाणाऱ्याला अप्पा एक गणित घालायचे. गॅसची टाकी आणणारा पोरगा, दूधवाला, मी, कुणीही. "एक लिटर पाणी. त्याची वाफ किती लिटर?" समोरचा गप्प. "सुमारे १७००! आता ती वाफ विटेच्या पोटात झाली, तर जाईल कुठून?" पोरगा टाकी खांद्यावर घेऊन विचारात पडायचा. अप्पा त्याला भट्टीवर हात ठेवायला लावायचे. "गार लागतंय ना? अजून ओल आहे."

हे वाक्य पुढे आम्ही इतक्यांदा ऐकलं की कॉलनीत ते रूढ झालं. कुणाच्या मुलाचं लग्न लांबलं, पुलाचं काम रखडलं, कशालाही 'अजून ओल आहे'.

आता आग. फ्रिजवर चुंबकाने आलेखाचा कागद लागला. पहिला दिवस १५० अंश, मग रोज २५ ची चढण, २५० पर्यंत, आणि त्यानंतरच मोठी लाकडं. मापायला अप्पांनी आधी २०२० सालातली, कपाळावर रोखायची बंदूक काढली. माणसाला ४३ च्या पुढे ताप येत नाही अशा हिशेबाने बनवलेली ती वस्तू, तिने भट्टीपुढे लगेच हात टेकले. मग ५५० पर्यंत मोजणारी कारखान्यातली बंदूक आली आणि घरात काहीच सुरक्षित राहिलं नाही. गच्ची ५८. झोपलेलं कुत्रं ३४. मी चहाचा कप उचलला तर त्यावर लाल ठिपका. "७१. थांबा जरा." पाहुण्याला चहासुद्धा वेळापत्रकाने.

आणि ताट. रात्री आग विझली, निखारे काढले की भट्टीच्या तोंडाशी एक स्टीलचं ताट उभं करून ठेवायचं. सकाळी अप्पा ते दोन्ही हातांनी, तिरकं होऊ न देता उचलणार, आतली बाजू उजेडाकडे धरणार. कडेने बारीक थेंबांची रांग. त्यावरून तर्जनी फिरवणार, बोट अंगठ्यावर चोळणार, का कोण जाणे पण वासही घेणार. मग निकाल. तुम्हाला वाटेल निकाल देताना माणूस हिरमुसत असेल. छे! बस वेळेवर सुटल्याचं समाधान चेहऱ्यावर. ताट कोरडं निघालं असतं तर मला वाटतं ते घाबरलेच असते.

मधेच घुमटावर एक चीर दिसली, केसाइतकी. सुकताना अशा चिरा येतातच, हे अप्पा स्वतःच सगळ्यांना सांगत होते. पण खात्याची सवय. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ, रेघेशी तारीख. वाढली तर कळावं म्हणून वर काचेची पट्टी चिकटवलेली. धरणाच्या भिंतीला लावतात तशीच पट्टी पिझ्झ्याच्या भट्टीला.

नातवंडं आली, त्यांना दिवा दाखवला, आलेख दाखवला, चीर दाखवली. मोठ्या नातवाने एकदाच विचारलं, "आजोबा, पण आज किती?" "आज १७५." "पिझ्झ्याला?" "४३०." त्याने मनातल्या मनात वजाबाकी केली, २५ ने भागलं आणि गावातल्या दुकानातून पिझ्झा मागवला. अप्पांनीही खाल्ला दोन तुकडे. तळ नीट भाजला नाही म्हणाले.

त्या दिवसांत कुणी धगीचा खरा उपयोग केला असेल तर काकूंनी. त्यांच्या लहानपणी सुट्टीत मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत नेऊन द्यायची आणि पत्र्याच्या ट्रेमधून भाजून आणायची नानकटाई. काकूंनी हिशेब केला की हा माणूस दीडशे-पावणेदोनशेवर दिवसभर आग धरून बसतो, म्हणजे नेमकी नानकटाईची धग. त्यांनी रीतसर परवानगी मागितली. अप्पा म्हणाले, "कणकेत ओल असते. मी बाहेर काढतोय आणि तू आत घालतेस?" यावर काकू काही बोलल्या नाहीत. दुपारी अप्पा वामकुक्षीला गेले. त्या दिवसाच्या नोंदवहीत 'दु. ३ : तापमानात ८ अंशांची घट, कारण अज्ञात' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. वहीच्या त्या पानावर तुपाचा डागही आहे.

बेत तडीला जातच होता, तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीला गिलावा झाला. अप्पा आठवडाभर त्या कामावरच्या पोराच्या मागे होते, पाणी मार, भरपूर मार, कंजुषी नको. पोरगं गुणी. एके सकाळी त्याने पाइप घेऊन भिंत भिजवली आणि उरलेल्या उत्साहात भट्टीही न्हाऊ घातली. "साहेब, तिलापण क्युरिंग मारलं!" अप्पा त्याला रागावले नाहीत. रागवायला तोंडच नव्हतं. आत गेले, फ्रिजवरचा आलेख काढला, नवा कागद लावला. पहिला दिवस.

मग पाऊस. तळेगावचा पाऊस ताडपत्रीला जुमानत नाही. भट्टी चार महिने निळ्या ताडपत्रीखाली आणि अप्पा खिडकीत. अप्पांची मावशी तेव्हा मुक्कामाला होती, नव्वदीपुढची. तिने भट्टीची शेगडी, धुरी, पांघरूण, वारा लागू न देणं, हे सगळं दोन दिवस निरखलं आणि म्हणाली, "अरे, बाळंतिणीलासुद्धा आम्ही सव्वा महिन्यात मोकळी करत होतो."

अप्पांची थट्टा करणं सोपं आहे, आणि आम्ही ती पोटभर केली. पण पलीकडच्या गल्लीत एका उत्साही गृहस्थांनी ऑक्टोबरात अशीच भट्टी बांधली आणि वास्तुशांतीच्या पाहुण्यांसमोर पहिल्याच संध्याकाळी ती लालबुंद पेटवली. आतून फटकन आवाज आला आणि घुमटाचा ताटाएवढा पापुद्रा पिझ्झ्यावर पडला. अप्पा दुसऱ्या दिवशी त्यांना भेटायला गेले. एक शब्द लावून बोलले नाहीत. पापुद्रा हातात घेऊन उलटापालटा केला, कडेला बोट चोळलं आणि ते काय निकाल देतायत हे त्या गृहस्थांनाही न सांगता कळलं. निघताना मात्र शंभर वॉटचा दिवा देऊन आले.

आमची भट्टी दिवाळीत पेटली. म्हणजे खरी पेटली. बाभळीची वाळलेली लाकडं, मागे रचलेली आग, आणि तासाभराने अप्पांनी सगळ्यांना वाकून आत बघायला लावलं. काजळीने काळा झालेला घुमट वरून खाली पांढरा होत येत होता, काजळीच जळून जात होती. समोरच्या बंगल्यातल्या बाई, ज्यांनी इतके दिवस कपड्यांना होळीचा वास येतो म्हणून तक्रार केली, त्याही पदर सावरून वाकल्या. तळ ४३०. पिझ्झा आत गेला, अप्पांनी घड्याळ लावलं. नेपल्सवाले ६० ते ९० सेकंद सांगतात. ७५ व्या सेकंदाला बाहेर. तीन पिढ्यांनी उभ्या उभ्या खाल्ला. नातवंडांनी तोंड भाजून घेतलं, कारण बंदूक त्या वेळी अप्पांच्या हातात नव्हती, धाकटीने पळवली होती.

दहाच्या सुमारास आम्ही उठलो. अप्पा भट्टीचं दार लावत होते. तापवायची जशी घाई नको तशीच थंड करायचीही नको, नाहीतर चीर वाढते.

सकाळी सहाला फोन. हॅलो वगैरे काही नाही.

"१९०!"

"काय झालं अप्पा?"

"रात्रभरात एवढंच उतरलं. १९० आहे अजून!"

मागून काकूंचा आवाज, "अहो, सरका बाजूला, ट्रे जाऊ दे."

"थांब," अप्पा फोन तसाच धरून म्हणाले, "१७५ होऊ दे, मग टाक."