वेलिंग्टनचा उजवा बूट

ब्रिस्टलच्या दुकानात पुतण्याने माझ्यापुढे हिरवे गमबूट ठेवले. “काका, इथे यांना वेली म्हणतात. वेलिंग्टनवरून.”

कुठला वेलिंग्टन? तोच तो, आर्थर वेलस्ली! जालना जिल्ह्यातल्या शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. दरवर्षी असईची लढाई यायची आणि दरवर्षी आपण हरायचो. 23 सप्टेंबर 1803 रोजी या गृहस्थाने आमच्या केळणा नदीकाठी शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे वॉटर्लूला त्याने नेपोलियनही हरवला, पण सगळ्यात चांगली कामगिरी कोणती असं विचारलं की असईचंच नाव घ्यायचा. (तेवढाच आमच्या भागाला मान.) आणि आता त्याच्या नावाचे बूट मी पायात घालायचे?

“मी काळ्या मातीतला माणूस आहे. मला चिखल शिकवू नकोस,” मी म्हणालो.

“घाला हो,” ही म्हणाली, “पैसे तो देतोय.” आणि स्वतः मात्र ब्रिस्टलच्या घरीच राहिली.

बूट हवे होते ते ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवासाठी. तो भरतो समरसेटमधल्या पिल्टन गावच्या एका दुभत्या जनावरांच्या शेतावर. मालक मायकल ईव्हिस. 1970 साली त्यांनी पहिल्यांदा तिथे गाणंबजावणं ठेवलं तेव्हा तिकीट एक पौंड, वर दूध फुकट. आम्ही गेलो 2016च्या जूनमध्ये. तिकीट 228 पौंड, म्हणजे बावीस हजारांच्या वर, आणि दुधाचं कोणी नाव काढेना. मी रात्री रेडिओवर नाट्यसंगीत ऐकतो, म्हणजे मला गाण्याचं वेड आहे असा पुतण्याचा समज. खरं तर मला झोप लागत नाही.

तिथली हवा पाहावी. तंबूतून बाहेर आलो तर लख्ख ऊन. स्वेटर काढून दोरीवर टाकेपर्यंत पाऊस. रेनकोट चढवला की पुन्हा ऊन, आणि रेनकोटात वाफवून निघालो की बोचरा वारा. दुपारी बारापर्यंत मी इतके कपडे बदलले की लग्नात नवरीनेही बदलले नसतील. ग्लास्टनबरी टॉर नावाची टेकडी दुरून पाहिली. हिरवी आहे, वर मनोरा आहे.

शनिवारी संध्याकाळी पिरॅमिड स्टेजवर ॲडेल गाणार होती. लाकडाच्या ढलप्या टाकलेला रस्ता लांबून वळसा घेत होता आणि त्यावर पंढरीच्या वाटेवर असते तेवढी गर्दी. मधे नुसता चिखल. अलीकडे तंबूंचा एक पुंजका, त्याच्या बरोबर समोर पलीकडे दुसरा. आणि मला वेलस्ली आठवला. त्याच्या वाटाड्यांनीही सांगितलं होतं की नदीला उतार नाही. त्याने पाहिलं, या काठाला एक गाव, समोर दुसरं. मग ये-जा असणारच, म्हणजे उतारही असणारच. होता! हा तर्क मी एकतीस वर्षं फळ्यावर नदी काढून शिकवला आहे.

“काका, तिकडून वाट नाही.”

“नाही कशी? दोन्हीकडे माणसं राहतात.”

अकरा पावलं नीट पडली. बाराव्याला उजवा पाय गेला तो गेलाच. ओढला तर पाय वर आला, बूट खालीच. पांढरा मोजा हवेत धरून मी बगळ्यासारखा उभा. पुतण्या कोरड्यावरून फोनवर चित्रण करत होता. आमची माती अशी नाही. ती चपलेला लागते, चपलेचं वजन चार किलो करते, पण माणसाबरोबर चालते तरी. या मातीच्या हाती काही लागलं की ती सोडत नाही. राज्य कसं केलं असेल ते कळलं. एवढ्यात तोल गेला आणि मी बुटावरच बसलो. बूट दिसेनासा झाला.

मला सगळ्याचाच राग आला. बावीस हजारांचा, तिथल्या संडासांचा, पुतण्याचा आणि सगळ्यात जास्त फळ्यावरच्या नदीचा.

एक पोरगा मदतीला आला. गालावर निळा रंग, त्यावर पिवळे तारे, पावसाने ओघळलेले. आदल्याच दिवशी सकाळी ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल जाहीर झाला होता. गुडघे टेकून त्याने कोपरापर्यंत हात चिखलात घातला. बूट वर आला. पण तांबडा आणि डाव्या पायाचा, दुसऱ्याच कुणाचा. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

“आम्ही हरलो,” तो म्हणाला. बुटाबद्दल नव्हे.

हरलेली लढाई दरवर्षी शिकवावी लागते, आणि दरवर्षी एखादं पोर विचारतंच, सर, आपण त्या उतारावर तोफा का नाही ठेवल्या? हे त्याला सांगावंसं वाटलं. तेवढं इंग्रजी मला येत नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तोलही जात होता.

ॲडेलला मी एका पायात वेलिंग्टन आणि दुसऱ्यात कचऱ्याची काळी पिशवी घालून ऐकलं. गाण्यांच्या मधे ती भरपूर गप्पा मारते आणि मोकळ्या मनाने शिव्या देते. शिव्या मला फार पटल्या.

रात्री हिचा फोन आला.

“गाणं कसं झालं?”

“बूट गेला.”

“कुठला?”

“उजवा.”

“मग डावा तरी नीट घेऊन या,” ही म्हणाली. “बॅगेत जागा आहे.”